खाली जोर नव्हे, वर ओढ

दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढत होते. खडूची धूळ नाकात गेली, लागोपाठ तीन शिंका आल्या आणि तिसऱ्या शिंकेला परकर ओला झाला. साडी गडद होती, त्यामुळे मुलांना काही कळलं नाही. उरलेला तास मी टेबलामागे उभी राहून शिकवला आणि फळ्याचं काम एका मुलीकडे दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा ह्यांना सगळं सांगितलं. लग्नाला तेव्हा २१ वर्षं झाली होती, आणि लघवी गळण्याचा हा त्रास त्यातल्या १९ वर्षांपासूनचा होता.

सुरुवात थोरल्याच्या बाळंतपणापासून झाली. बाळ वजनदार होतं. जोर लावून लावून मी दमले होते आणि शेवटी चिमटा लावून त्याला बाहेर काढलं. त्यानंतर काही महिने खोकला आला की थेंब-दोन थेंब जायचे. मग बरं वाटलं. धाकटीच्या वेळी पुन्हा तेच. तेव्हाही सगळ्या बायका म्हणाल्या, असतंच गं, सगळ्यांना होतं, भरून येईल. चाळिशी उलटली, पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि जे अधूनमधून होत होतं ते रोजचं झालं. शिंक, खोकला, मोठ्याने हसणं, पाण्याची बादली उचलणं, जिना भराभर उतरणं, सगळ्याला गळती.

मी साताऱ्याची. दर रविवारी पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचा आमचा चार-पाच जणींचा नेम होता. चढताना काही होत नसे, पण उतरताना प्रत्येक पावलाला खाली दणका बसायचा आणि पायथ्याशी येईपर्यंत पॅड भिजलेला असायचा. मी गुडघ्याचं कारण सांगून जाणं बंद केलं. एसटीने कुठे जायचं तर सकाळपासून पाणी बंद. शाळेत प्रत्येक तासाआधी ‘लागली नसली तरी जाऊन येऊ’ ही सवय. या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या हे फार उशिरा कळलं. पाणी कमी केलं की लघवी तीव्र होते आणि जळजळ वाढते. न लागता सारखं जाऊन आलं की थोडंसं साठलं तरी मूत्राशय घाई करू लागतं.

माझ्या आईचंही हेच होतं, पण तिच्या वेळी पॅड नव्हते. ती जुनेराच्या घड्या वापरायची, आणि त्या धुऊन न्हाणीघरात आतल्या दोरीवर, वर टॉवेल टाकून वाळत घालायची. मी लहानपणी ते बघितलं होतं आणि पाळीचं समजले होते. तिची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली तरी दोरीवर घड्या असायच्याच. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी आई हळूहळू दाराजवळ बसू लागली, मग जायचीच बंद झाली. कपडा ओला झाला की देवासमोर बसवत नाही, एवढंच एकदा म्हणाली होती. ते वाक्य मला वर्गातल्या त्या प्रसंगानंतर आठवलं, आणि आपणही दाराजवळच्या जागेपर्यंत आलो आहोत हे लख्ख दिसलं.

मी डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली, लघवीत जंतुसंसर्ग नाही हे पाहिलं, गर्भाशय खूप खाली आलेलं नाही हे सांगितलं. ‘केगल करा’ म्हणून एक छापील कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं की लघवी अडवताना जे स्नायू आवळता ते आवळा, सोडा, रोज पन्नास वेळा. मी शिक्षिका आहे, दिलेला गृहपाठ चुकवत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत, एसटीत, परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या वेळी, मी वर्षभर रोज पन्नास वेळा आवळलं. फरक पडला नाही. खरं तर खाली जड जड वाटायला लागलं. आता ऑपरेशनच, असं मनात धरलं होतं.

पुण्याची माझी मावसबहीण परिचारिका आहे. ती म्हणाली, ऑपरेशन ठरवण्याआधी एकदा या कामातल्या फिजिओकडे जाऊन ये. मला वाटायचं फिजिओ म्हणजे कंबर आणि मान. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हासुद्धा त्यांचा विषय असतो हे मला ४६व्या वर्षी कळलं.

त्या पहिल्या भेटीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी गोष्ट तिथेच फिरली. तीन दिवसांची नोंदवही आधीच भरून आणायला सांगितली होती. किती वाजता काय प्यायले, किती वाजता गेले, कधी गळली, काय करताना गळली. माझ्या तीन दिवसांत ११ वेळा गळती होती आणि चहा दिवसाला पाच कप. मग त्या मुलीने (माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल) प्लास्टिकचा एक सांगाडा घेऊन दाखवलं. पुढे जांघेचं हाड, मागे माकडहाड, आणि या दोन टोकांमध्ये झोळीसारखे ताणलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय, आतडं या झोळीवर टेकलेलं असतं आणि तिन्ही वाटा या झोळीतून बाहेर पडतात. खोकला आला की पोटातला दाब वरून खाली येतो. झोळी त्याच क्षणी वर उचलली गेली तर मूत्रमार्ग दाबला जातो आणि लघवी आत राहते. झोळी सैल असली, किंवा उशिरा उचलली गेली, तर गळती होते.

मग तिने माझी परवानगी विचारून, हातमोजा घालून, बोटाने तपासलं आणि म्हणाली, ‘‘ताई, आता आवळा, तुम्ही घरी करता तसं.’’

मी आवळलं. ती क्षणभर थांबली. ‘‘पुन्हा एकदा करा.’’ मी पुन्हा केलं.

‘‘ताई, तुम्ही आवळत नाही आहात. तुम्ही खाली ढकलताय.’’

वर्षभर रोज पन्नास वेळा मी त्या थकलेल्या झोळीवर वरून जोर देत होते. मला रडू आलं. तिने पाणी दिलं आणि सांगितलं की यात माझी चूक नाही. अमेरिकेत १९९१ साली ४७ बायकांना तोंडी सूचना देऊन हेच करायला सांगितलं होतं. जेमतेम निम्म्या जणींना नीट जमलं, आणि चौथा हिस्सा बायका असं काही करत होत्या की त्याने त्रास वाढलाच असता. डोळ्यांना न दिसणारा, कधी मुद्दाम न वापरलेला स्नायू कागदावरच्या चार ओळी वाचून सापडत नाही.

परत येताना खंबाटकी घाटात गाडी अडकली होती आणि मी विचार करत होते की मी ढकलतच का होते? उत्तर सरळ होतं. शरीराच्या त्या भागाला आयुष्यात कुणी काही सूचना दिलीच असेल तर ती एकच होती. प्रसूतीच्या खोलीत चार जणी माझ्या अंगावर ओरडत होत्या, ‘जोर लाव, खाली जोर लाव, अजून लाव.’ दोन बाळंतपणं आणि मध्ये बद्धकोष्ठाची वर्षं. वर ओढ असं कुणीच कधी म्हणालं नव्हतं. बाळंतपणानंतर दीड महिन्याने टाके बघायला बोलावलं होतं. ते टाके बघितले, ‘छान भरलेत’ म्हणून पाठवून दिलं. ज्या स्नायूंनी एवढं काम केलं त्यांची चौकशी कुणी केली नाही. याचा मला अजून राग आहे.

बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू काय करतोय ते यंत्राच्या पडद्यावर बघत बघत शिकणं, तिने सुचवलं ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे मला तो स्नायू सापडतच नव्हता. ० ते ५ अशी मोजणी असते, त्यात माझी ताकद २ होती आणि तीही मोठ्या मुश्किलीने एकदा वर ओढायला जमलं तेव्हा. धरून ठेवण्याची ताकद ३ सेकंद. दुसरं म्हणजे सातारा ते पुणे ११० किलोमीटर. शाळा सांभाळून दर आठवड्याला येणं शक्य नव्हतं. तिने यंत्र भाड्याने घरी दिलं, आत ठेवायचा प्रोब मात्र माझा स्वतःचा, नवा. तो दुसऱ्या कुणाबरोबर वाटून वापरायचा नसतो.

ह्यांना काळजी होती की शॉक वगैरे बसेल. विजेचे हलके झटके देऊन स्नायू आकुंचित करणारी यंत्रंही असतात, पण हे ते नव्हतं. हे यंत्र आत काही पाठवत नाही, फक्त ऐकतं. कोणताही स्नायू आकुंचन पावला की त्यात अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. अंगठ्यापेक्षा थोडा जाड, गुळगुळीत प्रोब योनिमार्गात ठेवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. एक चिकटपट्टी कमरेच्या हाडावर. शिवाय माझ्यासाठी तिने चिकटपट्ट्यांची आणखी एक जोडी पोटावर लावायला दिली. यंत्राला जोडलेल्या फोनच्या पडद्यावर दोन रेघा चालायच्या, तळाच्या स्नायूंची निळी आणि पोटाची केशरी.

नियम एकच होता. केशरी शांत ठेवायची आणि निळी वर न्यायची.

घरी जागा आणि वेळ हाच पहिला प्रश्न होता. आमच्या घरात दुपारी सासूबाई असतात, पाचनंतर मुलं. मी शाळेतून साडेचारला येते. तेवढा अर्धा तास आतल्या खोलीला कडी लावून घ्यायची ठरवलं. सासूबाईंना काहीतरी थाप मारता आली असती, पण मला आता लपवायचं नव्हतं. खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून साडेचार वाजता टीव्हीचा आवाज कमी व्हायला लागला. कुणी शेजारीण आली तर बाहेरूनच सांगायच्या, ‘‘ती व्यायाम करतेय, पाचनंतर ये.’’

पहिले चार-पाच दिवस माझ्या पडद्यावर केशरी रेघ डोंगरासारखी उठायची आणि निळी जमिनीवर सरपटायची. मी श्वास कोंडून, दात आवळून, मांड्या एकमेकींवर दाबून प्रयत्न करायचे. जेवढी ताकद जास्त तेवढी केशरी उंच. निळीचा आकडा निवांत असताना २, आवळलं की ४. सहाव्या दिवशी मी वैतागून, जरा पडून राहू म्हणून नुसती पडले होते. गॅस सुटू नये म्हणून आपण चारचौघांत जसं हळूच मागून आवरतो, तसं अगदी थोडंसं केलं आणि पडद्याकडे नजर गेली. निळी रेघ ७ वर होती. केशरी जागची हललीसुद्धा नव्हती.

तो क्षण मी कधी विसरणार नाही. गुदद्वारापासून सुरू होऊन पुढे लघवीच्या वाटेकडे आणि मग आत, वर, अशी ती ओढ होती. बारीक, नाजूक, जवळजवळ कळूही नये अशी. मी वर्षभर दांडगाई केली होती आणि इथे तर अलगद उचलायचं होतं. पाण्याने भरलेली कळशी आडातून ओढताना हिसका दिला तर पाणी सांडतं, तसंच काहीसं. मी पुन्हा केलं. ६. पुन्हा. ७. श्वास चालू ठेवून केलं तर ८. मग मुद्दाम जुन्या पद्धतीने जोर लावून पाहिला. केशरी वर, निळी खाली. दोन्हींमधला फरक अंगात आणि डोळ्यांत एकदमच उमटला, आणि त्यानंतर माझी गफलत फारशी झाली नाही.

पुढे वेळापत्रक ठरलं. ३ सेकंद धरायचं, ६ सेकंद सोडायचं, असं आठ-दहा वेळा, आणि मग पटकन आवळून पटकन सोडायचं, दहा वेळा. हळू काम करणारे तंतू दिवसभर भार धरतात आणि चपळ तंतू शिंकेच्या वेळी धावून येतात, म्हणून दोन्ही हवेत. यंत्रावर दिवसातून एकदा, बाकी दोन वेळा यंत्राशिवाय. दर दीड-दोन आठवड्यांनी एखादा सेकंद वाढवत बाराव्या आठवड्यात १० सेकंदांपर्यंत आले.

यंत्राने मला आणखी एक गोष्ट दाखवली, जिची मला कल्पनाही नव्हती. मला सोडता येत नव्हतं. आवळल्यावर निळी रेघ वर जायची, पण सोडल्यावर लगेच खाली येत नसे. ४ वर, ५ वर रेंगाळायची. शाळेत लघवी धरून, गळेल या भीतीने दिवसभर थोडं थोडं आवळून ठेवायची मला सवय लागली होती. सतत ताणलेला स्नायू शिंकेच्या वेळी आणखी काय आवळणार? फिजिओने बजावलं की रेघ २ वर आल्याशिवाय पुढचं आकुंचन करायचं नाही. मग मी पोट सैल सोडून, लांब उच्छ्वास टाकत रेघ खाली येण्याची वाट बघायला शिकले. कधी त्याला अर्धा मिनिट लागायचा. माझ्या मते या चार महिन्यांतलं अर्धं शिक्षण सोडण्याचं होतं. ज्या बायकांना तिथे दुखतं, संबंधांच्या वेळी वेदना होतात, त्यांच्यात पुष्कळदा हे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. त्यांनी नुसतं आवळत राहिलं तर दुखणं वाढतं. म्हणून आधी तपासून घ्या, मग यंत्र आणा, हे मी सगळ्यांना सांगते.

चौथ्या आठवड्यात आकडे घसरले. १२ वर गेलेली मी पुन्हा ८ वर. दोन रात्री झोप लागली नाही. नंतर कळलं की जेल जास्त लावल्याने प्रोब सरकत होता, आणि ज्या दिवशी सलग सहा तास उभं राहून शिकवलं त्या दिवशी स्नायू दमलेले असणारच. प्रोब थोडा फिरला तरी आकडा बदलतो. त्यामुळे माझा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावायचा नाही, आणि कालचा आजच्याशीसुद्धा फार घासून पाहायचा नाही. पाहायचा तो आकार: रेघ झटकन चढते का, धरून ठेवली की थरथरते का, सोडली की तळाला येते का. त्याच सुमारास लघवीला जळजळ सुरू झाली. जंतुसंसर्ग निघाला. गोळ्या संपून तपासणी नीट येईपर्यंत दहा दिवस प्रोब बंद ठेवला. प्रोब दर वेळी सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून ठेवायचा, यात मी कधी आळस केला नव्हता, तरी आता दुप्पट काळजी घेऊ लागले. पाळीच्या दिवसांतही सुट्टी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर हे आत ठेवायचंच नसतं.

आणि लघवी करता करता मध्येच धार थांबवायचा व्यायाम, जो अजूनही बायका एकमेकींना सांगतात, तो करू नका. स्नायू कुठे आहे हे कळायला एखाद वेळ ठीक, पण रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं न करण्याची सवय लागते.

आठव्या आठवड्यात व्यायामाला उठून बसले, दहाव्यात उभी राहिले. आडवं पडून १५ काढणारी मी उभी राहिल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाले. उभं असताना झोळीवर सगळा भार असतो, त्यामुळे निवांत रेघसुद्धा जरा वरच राहते. गळती काही झोपून होत नाही, उभ्याने होते, त्यामुळे खरा अभ्यास हाच. मग फिजिओने एक नवीन गोष्ट दिली. पडद्यासमोर उभं राहून खोकायचं आणि रेघा बघायच्या.

मी खोकले. आधी केशरी उसळली, आणि ती उतरायला लागल्यावर मागून निळी आली. वहीत लिहिलेल्या त्या ११ वेळच्या गळतीचं कारण माझ्यासमोर दोन रंगांत होतं. स्नायूंत आता ताकद आली होती, पण ते पाहुणे निघून गेल्यावर दार लावायला येत होते.

आता शिकायचं होतं ते आधी निळी उचलायची आणि मग खोकायचं. मिशिगनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं होतं की खोकल्याच्या ऐन आधी हे स्नायू आवळायची युक्ती शिकवली तर एका आठवड्याच्या सरावानेही गळती कमी होते. एका आठवड्यात ताकद वाढत नसते, म्हणजे काम वेळ साधल्याने झालं. मला त्यासाठी तीन आठवडे लागले. उचल, खोक, सोड. बादली उचलण्याआधी उचल. खुर्चीतून उठण्याआधी उचल. शिंक येण्याआधी नाकात जी हुळहुळ होते ती माझी सूचना झाली. त्या हुळहुळीला आता माझं शरीर आपोआप वर ओढतं.

या यंत्राचा इतिहास मला फिजिओकडून कळला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो ते अर्नोल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी यावर लिहिलं तेव्हा व्यायामाबरोबर एक उपकरणही होतं. हवा भरलेली रबरी नळी योनिमार्गात आणि तिला जोडलेला दाबाचा काटा. बाई घरी बसून काट्याकडे बघत सराव करायची. म्हणजे ‘बघणं’ हा केगल व्यायामाचा भाग पहिल्यापासून होता. पुढे काटा बाजूला पडला आणि कागदावरच्या चार ओळी तेवढ्या जगभर पसरल्या. माझ्या हातात आलेला कागद त्याच वंशातला.

तरीही यंत्र म्हणजे जादू असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या त्या मुलीने मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये ६०० बायकांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना नुसता व्यायाम, अर्ध्या जणींना व्यायाम आणि बायोफीडबॅक. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण त्यातल्या दोन्ही गटांना सोळा आठवड्यांत फिजिओच्या भेटी मिळाल्या होत्या. व्यायाम नीट होतोय ना, हे सांगणारं माणूस दोघींनाही होतं. मला जे वर्षभर मिळालं नाही ते हेच. जिच्या गावात जाणती फिजिओ आहे आणि जिला स्नायू लगेच सापडतो तिने यंत्रावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधले डॉक्टरही आधी निदान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, दिवसातून तीन वेळा प्रत्येकी आठ तरी आकुंचनं, हाच सल्ला देतात आणि यंत्र सरसकट सगळ्यांना देत नाहीत. माझ्यासारखी, जी उलटंच करत होती आणि शंभर किलोमीटरवर राहत होती, तिला मात्र त्या दोन रेघांनी वाचवलं.

शेवटचा महिना यंत्रापासून सुटण्यासाठी होता. फोन उलटा ठेवायचा, डोळे मिटायचे, आवळायचं आणि आकडा मनाशी सांगायचा. मग फोन सुलटा करून बघायचं. सुरुवातीला मी १४ म्हणायचे आणि तिथे ९ असायचे. महिनाअखेर माझा अंदाज एक-दोन आकड्यांच्या आत यायला लागला. ‘‘आता यंत्र तुमच्या आत बसलं,’’ असं फिजिओ म्हणाली आणि मी ते परत केलं.

सतराव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची वही भरली. गळती २ वेळा, दोन्ही वेळा सर्दीच्या लागोपाठ शिंकांना. चहा दोन कपांवर आणलाय, रात्री इसबगोल घेते, म्हणजे सकाळी जोर लावावा लागत नाही. अजून पळाले तर थेंब जातात. पूर्ण बरी झाले असं म्हणता येणार नाही. व्यायाम दिवसातून एकदा चालू आहे आणि तो पुढेही चालू ठेवावा लागणार आहे. पण दिवाळीनंतरच्या रविवारी मी अजिंक्यताऱ्यावर गेले. मैत्रिणींनी गुडघ्याची चौकशी केली. तिथेच तटावर बसून मी त्यांना खरं कारण सांगितलं. पाच जणींपैकी तिघी गप्प झाल्या, आणि मग त्यातली एक म्हणाली, ‘‘मला पण होतं. मी कुणाला बोलले नव्हते.’’ उतरताना आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. ती आता ७४ वर्षांची आहे. तिला मी सगळं सांगितलं, निळी रेघ, केशरी रेघ, सगळं. तिचं अंगही थोडं बाहेर येतं हे तिने तेव्हा पहिल्यांदा तोंडातून काढलं. तिला आधी डॉक्टरांना दाखवायचं आहे, मग पुण्याला न्यायचं आहे, येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. तिला नुसता व्यायाम पुरेल की आधाराला रिंग बसवावी लागेल हे तिथे कळेल.

रात्री मी चटईवर पडून व्यायाम करत होते तर ती शेजारी येऊन बसली. माझ्या पोटावर हात ठेवून बघत राहिली. पोट हलत नव्हतं.

‘‘काही करतेयस का?’’

‘‘करतेय की.’’

‘‘मग जोर कुठे लावतेयस?’’

‘‘जोर नाही लावायचा, आई. वर ओढायचं.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या शेजारी आडवी झाली, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘सांग मला. मागून सुरू करायचं म्हणालीस ना?’’